न वापरायचं इंधन

परवा रात्री ताईचा फोन आला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली आणि मग ती मुद्द्यावर आली. "तूनंच त्याला नादी लावलं. आता तूच सांग, त्याला पायलट करायचं की नाही?"

तो म्हणजे आमचा भाचा. बारावीला आहे, विज्ञान शाखेला. गेली तीन वर्षं दर सुट्टीत तो आमच्याकडे कामठीला येतो ते मामाच्या प्रेमापोटी नाही. माझ्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर आहे, स्टिक आहे, पायाशी रडर पेडल आहेत, हे त्यामागचं खरं कारण. आता पोरगं म्हणतं, कमर्शिअल पायलटचं लायसन्स काढणार. त्याचा खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो. ताई-भाऊजींचं घर विकून होईल एवढा. तेव्हा तिने मला धारेवर धरलं यात तिचं काही चुकलं नाही.

फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय. ताई हे वाचतेच, बाकीचे नातेवाईकही वाचतात (आणि नंतर फोन करून चुका काढतात). ब्लॉगवाल्या मित्रांपैकीही काहींना हा नाद आहे हे मला ठाऊक आहे.

आधी माझी बाजू. २००४ साली पहिला बरा कॉम्प्युटर घेतला तेव्हा चार सीडींचा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणला होता. विमानोड्डाणाला शंभर वर्षं झाली म्हणून २००३ मध्ये काढलेली ती आवृत्ती. नागपूरचा विमानतळ त्यात होता. पहिल्या दिवशी सोनेगावहून उडालो आणि आपलं गाव शोधत निघालो. कुठलं गाव नि कुठलं काय! नुसतं हिरवं रान आणि त्यात एक निळी रेघ. तीच कन्हान म्हणायची. २०२० च्या आवृत्तीत मात्र उपग्रहाची चित्रं आली आणि मी पुन्हा तेच केलं. या वेळी कोराडीच्या चिमण्यांची जागा ओळखली, कन्हान धरून खाली आलो, छावणी दिसली आणि गोरा बाजार कुठे असेल तेही कळलं. बायकोला हाक मारून बोलावलं. ती म्हणाली, "घरात बसून घर बघायला एवढा खर्च केला होय!"

असो. मुद्दा वेगळा आहे. सुरुवातीची वर्षं मी खेळच खेळलो. पुलाखालून विमान घाल, उलटं उडव, आपटलं की पुन्हा सुरू. कंटाळा यायला लागला तेव्हा कधीतरी खऱ्या विमान कंपन्या करतात तसं उड्डाण करून बघितलं. म्हणजे आधी कागद, मग विमान. तिथे खरी गोडी लागली.

आता कागद म्हणजे काय ते सांगतो, कारण ताईला वाटतं की आम्ही नुसती दांडी हलवतो. समजा मुंबई ते नागपूर जायचंय, एअरबस ए-३२० ने. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ३७० नॉटिकल मैल, म्हणजे ६८० किलोमीटरच्या आसपास. आधी वारा बघायचा. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असतो, त्यामुळे नागपूरला येताना तो पाठीशी आणि परत जाताना तोंडावर. त्यानुसार वेळ बदलते, वेळेनुसार इंधन बदलतं. मग वजन. माणसं किती, सामान किती, इंधन किती. मग धावपट्टी. नागपूरची ३२०० मीटरची आहे, म्हणजे भरपूर. पण मे महिन्यात तिचं रूप वेगळं असतं. सोनेगाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे. पण पारा ४५ ला गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला वाटतं आपण पाच हजार फुटांवर उभे आहोत. म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच! जमिनीवरचा नागपूरकर उकाड्याने हैराण आणि विमान बिचारं थंड हवेच्या ठिकाणाहून उडायला धडपडतंय. हे गणित प्रथम मांडलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो.

आणि मग इंधनाचा हिशेब. माझ्या कागदावर मुंबई-नागपूरचा तो साधारण असा येतो. जमिनीवर सरपटायला २०० किलो. प्रत्यक्ष प्रवासाला ३४००. अंदाज चुकला तर म्हणून त्याचे पाच टक्के, १७०. नागपूरला उतरता आलं नाही तर रायपूर गाठायला १४००. आणि रायपूरच्या डोक्यावर अर्धा तास घिरट्या घालता याव्यात म्हणून ११५०. बेरीज ६३२० किलो.

जरा नीट बघा. यातलं प्रवासाला लागणार ३६००. उरलेलं सुमारे २७०० किलो इंधन आपण कशासाठी नेतो? न वापरण्यासाठी! ते ओझं वाहून न्यायलाही थोडं इंधन जळतं, पण ते न्यावंच लागतं. आमची आजी रोज घरातल्या माणसांपेक्षा दोन पोळ्या जास्त टाकायची. कोणी आलंच तर म्हणून. बहुतेक दिवस कोणी यायचं नाही आणि सकाळी त्यांचा फोडणीचा कुस्करा व्हायचा. आजीने विमान कधी आतून बघितलं नाही, पण रायपूरच्या १४०० किलोंचं मर्म तिला अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

हा हिशेब चुकला तर काय होतं, त्याचं गाजलेलं उदाहरण कॅनडातलं आहे. २३ जुलै १९८३. देश पौंडांकडून किलोकडे चालला होता आणि बोइंग ७६७ हे नवं विमान किलोत मोजत होतं. इंधन भरताना लिटरचं वजन काढायला आकडा वापरला तो पौंडांचा. विमानात पाहिजे त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन पडलं आणि आकाशात दोन्ही इंजिनं बंद झाली. कॅप्टनला ग्लायडरचा सराव होता म्हणून त्याने ते धूड गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवलं आणि सगळे ६९ जण वाचले. लोक त्या उतरण्याचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. मला मात्र तो गुणाकार जास्त आठवतो.

आता तुम्ही म्हणाल, तुझ्या विमानात ना माणसं, ना इंधन. तू हिशेब चुकलास तर कोणाचं काय बिघडतं? बरोबर. आमचे मोठेकाकाही हेच म्हणायचे. "खेळणं आहे बाबू, खेळणं."

पण खेळण्याचीही एक गोष्ट आहे. घरी बसून उडायचं पहिलं गाजलेलं यंत्र अमेरिकेत एडविन लिंक याने १९२९ च्या सुमारास केलं. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. तिथलेच भाते वापरून त्याने एक छोटं विमान डोलवलं. वैमानिक घडवणाऱ्यांनी ढुंकून बघितलं नाही. सुरुवातीची बरीच यंत्रं गेली ती जत्रेसारख्या करमणुकीच्या बागांमध्ये. मग १९३४ साली तिथल्या सरकारने खासगी कंपन्यांकडून टपालाची विमानसेवा काढून लष्कराला दिली. लष्करी वैमानिकांना रात्री, ढगात, नुसत्या उपकरणांवर उडायची सवय नव्हती. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक गेले. तेव्हा लष्कराला जत्रेतल्या त्या खेळण्याची आठवण झाली आणि त्यांनी सहा यंत्रं विकत घेतली. आज मोठ्या कंपन्यांचे वैमानिक नवं विमान शिकतात ते सिम्युलेटरमध्येच आणि ठरावीक महिन्यांनी परीक्षा देतात तीही तिथेच.

म्हणजे खेळण्याला किंमत आली ती टपालामुळे. आणि टपाल म्हटलं की मोठेकाका आलेच!

मोठेकाका टपाल खात्यात होते. नोकरीची सुरुवातीची वर्षं नागपूरला, रात्रपाळीत. स्वतंत्र भारतात ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही बाजूंनी संध्याकाळनंतर विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला भेटायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपल्या गावी परत. नकाशात नागपूर मध्यावर आहे एवढ्या एका कारणाने सोनेगाव ही देशाच्या पत्रांची चावडी झाली होती. पुढे १९५३ मध्ये आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली आणि ती सेवा तिच्याकडे गेली. सत्तरच्या दशकात ती बंद पडली.

मागच्या उन्हाळ्यात भाच्याने हे ऐकलं आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. आपण ते करून बघू! वहीत त्याने चार रेषा काढल्या. मुंबई ३७० मैल, दिल्ली ४६०, मद्रास ४९०, कलकत्ता ५३०. सिम्युलेटरमध्ये डाकोटा आहेच. तिचा वेग ताशी दीडशे नॉट धरला, वर चढायला दहा मिनिटं जास्तीची. मग बाराला नागपूर गाठायचं तर कलकत्त्याहून सव्वाआठला निघायला हवं, मद्रासहून साडेआठला, दिल्लीहून पावणेनऊला आणि मुंबईकराने आरामात जेवून नऊ-वीसला निघावं. हा आमचा हिशेब हं, खरं वेळापत्रक नव्हे. चार रात्री त्याने चार बाजूंनी विमान आणलं. मद्रासच्या विमानाला समोरून वारा लागला आणि ते बावीस मिनिटं उशिरा पोचलं.

काका बाजूला खुर्चीत बसून बघत होते. मी विचारलं, "काका, तुमच्या वेळी कुठलं विमान होतं हो?" म्हणाले, "ते काही आठवत नाही. थैल्या आठवतात. थंडीत बोटं वळायची नाहीत." मग भाच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "एक लेट झालं, तर बाकीचे तीन थांबवून राहिला का सोडून देऊन राहिला?"

पोरगं गप्प. कारण हा प्रश्न त्याच्या वहीत नव्हताच. एक विमान उशिरा आलं की उरलेल्या तिघांनी थांबायचं का? थांबले तर सगळ्या देशाचं टपाल उशिरा. निघाले तर मद्रासची पत्रं एक दिवस मागे. दांडी हलवण्याशी या प्रश्नाचा काही संबंध नाही, आणि तरी विमान कंपनी चालवणं म्हणजे बहुतांशी हाच प्रश्न रोज नव्याने सोडवणं. त्या रात्री दोघं साडेबारापर्यंत बोलत बसले होते. त्यानंतर काकांच्या तोंडून "खेळणं" हा शब्द मी ऐकला नाही.

पण त्या सेवेची दुसरी बाजूही भाच्याला मी सांगितली आणि ती ताईलाही सांगायला हवी. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री टपाल आणि प्रवासी घेऊन मद्रासला निघालेलं डाकोटा नागपूरहून उडाल्याबरोबर कोसळलं. तेरा जण गेले. वैमानिक तेवढा वाचला. गेलेल्या एका प्रवाशाच्या पत्नीने भरपाईचा दावा लावला. तो कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६० च्या दशकात तिथे ती हरली. तिकिटावरच्या अटीनुसार कंपनीवर जबाबदारी येत नाही असं ठरलं. आपल्या सोनेगावची गोष्ट आहे ही. आमच्या पडद्यावर विमान आपटलं की पाटी येते आणि बटण दाबलं की आपण पुन्हा धावपट्टीवर. सिम्युलेटरवाल्याने हा फरक दिवसातून एकदा तरी स्वतःला सांगावा असं माझं मत आहे.

ताईच्या मनात खरं तर अहमदाबाद आहे. १२ जून २०२५. ड्रीमलायनरमधल्या २४२ पैकी २४१ जण गेले, खाली वसतिगृहातली मुलं गेली. त्याच आठवड्यात घरच्या सिम्युलेटरवर तो अपघात "करून दाखवणाऱ्या" फिती सगळीकडे फिरल्या. कोणी म्हणे फ्लॅप, कोणी म्हणे पक्षी. भाचा मला म्हणाला, "मामा, आपणही करून बघू का?" मी नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. महिन्याभराने जो प्राथमिक अहवाल आला त्यात दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाल्याची नोंद होती. ते कोणाच्या बैठकीतल्या पडद्यावरून कसं दिसणार होतं? आपल्या नादाने आपल्याला प्रश्न विचारायला शिकवावं. कोणाच्या मढ्यावर बसून उत्तरं द्यायला नाही.

आता ताईच्या प्रश्नाचं उत्तर. त्यासाठी मला माझी एक चोरी सांगावी लागेल.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. पहाटेचं मुंबई-नागपूर, हवामान खरंखुरं त्या वेळचं घेतलेलं. नागपूरला दाट धुकं. साध्या आयएलएसने उतरायचं तर साधारण साडेपाचशे मीटरपर्यंतची धावपट्टी दिसायला हवी आणि दोनशे फुटांवर आलात तरी दिवे दिसले नाहीत तर परत वर जायचं, असा नियम. मला दिवे दिसले नाहीत. वर गेलो. खरं तर तिथून रायपूरला जायला हवं होतं. पण रविवार होता, स्वयंपाकघरातून तर्री-पोह्यांचा वास येत होता. मी हवामानाची खिडकी उघडली आणि "स्वच्छ" वर टिचकी मारली. धुकं नाहीसं झालं. झकास उतरलो. मागे भाचा उभा होता. तो काही बोलला नाही.

यंदाच्या जानेवारीत तोच प्रसंग त्याच्यावर आला. तेच धुकं, तेच दोनशे फूट. तो वर गेला आणि मी मागून म्हणालो, "अरे, अजून एकदा बघ ना." त्याने कागदावर बोट ठेवलं. रायपूरचे १४००, अर्ध्या तासाचे ११५०, मिळून २५५०. टाकीत त्याहून जेमतेम दीडशे किलो जास्त. "एकाच चान्सचं होतं मामा. गेला तो." आणि विमान पूर्वेला वळवलं. पोहे आले, गार झाले, वरची तर्री थिजली. पाऊण तासाने तो रायपूरला उतरला, वहीत वेळ आणि उरलेलं इंधन लिहिलं आणि मगच जेवायच्या टेबलावर आला. नागपूर हुकलं म्हणून तोंड पाडून बसला होता, पण हवामानाच्या खिडकीकडे त्याचा हात गेला नव्हता.

तर ताई, मला जे दिसलं ते हे. तो पायलट होईल का, हे माझा कॉम्प्युटर सांगू शकत नाही. माझ्या खोलीत पोटात गोळा येत नाही, कान दडे बसत नाहीत, चूक झाली तर कोणी मरत नाही. तिथे काढलेल्या तासांना लायसन्सच्या हिशेबात कवडीची किंमत नाही. लायसन्ससाठी २०० तास खऱ्या विमानात घालवावे लागतात. सिम्युलेटरने एवढंच कळतं की पोरगं कंटाळवाणं काम मन लावून करतं का, आणि कोणी बघत नसताना नियम पाळतं का. या दोन्हीत तो मामापेक्षा बरा निघाला. पहिल्याच दिवशी पुलाखालून विमान घालणाऱ्या मामापेक्षा तर पुष्कळच.

पैसे भरायच्या आधी त्याची वैमानिकांची वैद्यकीय तपासणी करून घ्या. त्यातच अडलं तर लाखो रुपये आणि वर्षं वाचतील. मग गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक घडवतात, तिकडे एक चक्कर मारून या. तिथे शिकलेल्या मुलांशी बोला, आणि नोकरी लागायला किती वेळ लागला हे सगळ्यात आधी विचारा. कर्ज काढायचंच झालं तर घर पूर्ण गहाण पडेल इतकं काढू नका.

आणि त्याला सांगा, इंजिनीअरिंगचे नाही तर बीएस्सीचे फॉर्मही भरून ठेव. तो चिडेल. म्हणेल, माझ्यावर विश्वास नाही. तेव्हा त्याला रायपूरच्या १४०० किलोंची आठवण करून द्या. आपण रायपूरला जाणार नसतो. तरी ते इंधन घेतो, आणि ते घेतलेलं असतं म्हणूनच नागपूरकडे निर्धास्त निघता येतं. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं समजतं.

मोठेकाकांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, बाकी ठीक आहे, पण मद्रासच्या विमानाचं काय ठरलं ते तू लिहिलंच नाहीस.

ठरलं होतं: वीस मिनिटं थांबायचं, मग निघायचं. त्या रात्री दोन मिनिटांनी मद्रासची पत्रं हुकली.